सेफ्टी जॅकेट घेताना आधी समोरचा वेल्क्रो बघा: हायवेच्या साइटवर एका पावसाळ्याचा अनुभव

पुरवठादाराशी वाद घालून आत्ताच फोन ठेवलाय, तेव्हा डोक्यात सगळं ताजं आहे तोवर लिहून काढतो. मार्चमध्ये घेतलेल्या रिफ्लेक्टर जॅकेटांपैकी बऱ्याच जॅकेटांची चंदेरी पट्टी ऑगस्टपर्यंत कडेने सुटायला लागली. त्याचं उत्तर ठरलेलं: "साहेब, तुमच्या माणसांनी गरम पाण्यात धुतलं असणार." ही माणसं राजापूरजवळ रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. पावसाळ्यात लाकूड ओलं, गॅस मोजूनमापून. आंघोळीलाच गरम पाणी मिळत नाही, तर जॅकेट धुवायला कुठून आणणार?

पट्टीचं पुढे सांगतोच. पण इतके महिने ही जॅकेटं रोज डोळ्यांसमोर राहिल्यावर माझी सगळ्यात मोठी तक्रार पट्टीची नाही. ती समोरच्या वेल्क्रोची आहे. जॅकेट विकताना क्लास (जॅकेट किती ठळक दिसतं त्याची प्रत), कापड, पट्टी, खिसे सगळं सांगतात, वेल्क्रोबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. आणि साइटवर जॅकेट निकामी होतं ते तिथूनच.

काम मुंबई-गोवा हायवेवरचं, लांजा ते राजापूरच्या पट्ट्यात. पोटठेका: गटारं, मोऱ्या, संरक्षक भिंती. एका बाजूने वाहतूक चालू, दुसऱ्या बाजूला आमची माणसं. हेल्मेट मुख्य ठेकेदाराकडून येतात, जॅकेट आपलं आपण घ्यायचं. पैसे माझ्या खिशातले, म्हणून एकेका जॅकेटामागचा हिशोब मी ठेवतो.

सुरुवातीला दोन प्रकार घेतले. एक सत्तर रुपयांचं जाळीचं, एक इंची पट्टीचं, जे प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात टांगलेलं असतं. दुसरं दोनशे चाळीसचं, भरीव पॉलिस्टर, दोन इंची पट्टी, आत 'क्लास २' असं लेबल. महागडी जॅकेटं झेंडेवाल्यांना (झेंडा दाखवून वाहतूक सांभाळणाऱ्यांना) आणि रस्त्याला लागून काम करणाऱ्यांना, स्वस्तातली आत खड्ड्यात काम करणाऱ्यांना, अशी वाटणी केली.

सत्तरवालं दोन-तीन वाक्यांत संपवतो. अशा जॅकेटांचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २०४७१, त्यात एक इंची पट्टी बसत नाही. तिथे पट्टीची रुंदी किमान ५० मिलिमीटर लागते. साहेब लोक साइटवर आले की घालायला ते ठीक आहे, रस्त्यावर उभं राहायला नाही.

क्लास २ खरंच क्लास २ आहे का, हे दुकानात उभ्या उभ्या तपासता येतं. त्या मानकात क्लास २ ला ०.५० चौरस मीटर चमकदार कापड आणि ०.१३ चौरस मीटर पट्टी लागते. पट्टी दोन इंची, म्हणजे ५० मिलिमीटर धरली तर तिची एकूण लांबी २.६ मीटर भरली पाहिजे. खिशातली मोजपट्टी काढा. कमरेचा वेढा आणि खांद्यांवरून पुढे-मागे आलेल्या दोन्ही उभ्या पट्ट्या मोजून बेरीज करा. मी मोजलेल्या नमुन्यांपैकी काही तिथेच गळाले. दुकानदार अवघडतात, पण मोजू देतात. आणि बिनबाह्यांचं जॅकेट कुणी 'क्लास ३' म्हणून दाखवलं तर तिथून निघा. त्या क्लासला धडाबरोबर पूर्ण बाह्या किंवा पूर्ण पायजमा लागतो, नुसत्या बंडीने तो होत नाही. आपलं भारतीय मानक आयएस १५८०९ आहे. लेबलावर तो आकडा किंवा आयएसओचा आकडा नसेल तर नुसत्या 'क्लास २' या छापील शब्दांना अर्थ नाही.

आता रंग. मार्चमध्ये मी सरसकट नारिंगी घेतली. आमच्या साइटपासून जवळच कोकण रेल्वेचा रूळ जातो, तिथल्या गँगच्या माणसांची नारिंगी जॅकेटं लांबून ओळखू येतात. रेल्वेत हा रंग जुना आहे. १९६४ मध्ये ग्लासगोमध्ये रुळांवर काम करणाऱ्यांना अशी चमकदार नारिंगी जॅकेटं पहिल्यांदा दिली होती. पावसाळ्यात आपल्याकडे भात, गवत, झाडी, सगळं हिरवंगार. त्यावर पोपटी-पिवळं जॅकेट विरून जातं, नारिंगी उठून दिसतं. जून-जुलैपर्यंत मी नारिंगीवर पूर्ण खूश होतो.

मग काम जांभ्याच्या कटिंगमध्ये गेलं. दोन्ही बाजूंना उभी लाल भिंत, खाली लाल चिखल, जॅकेटावर तोच चिखल वाळलेला. त्या भिंतीसमोर नारिंगी जॅकेटातला माणूस मला गाडीतून अगदी जवळ आल्यावरच दिसला. तिथे पोपटी-पिवळंच हवं. पण पिवळं घेतलं की दुसरं येतं: जेसीबी पिवळा. त्याच्या शेजारी उभा असलेला पिवळ्या जॅकेटातला माणूस डंपरवाल्याला मशीनचाच भाग वाटतो. टाटा हिताचीचा पोकलेन नारिंगी असतो, तिथे हेच उलटं. तेव्हा कुठला रंग चांगला हा प्रश्न मी आता विचारत नाही. पाठीमागे काय आहे ते बघून ठरवतो. दोन्ही रंगांचं जॅकेटही मिळतं, खांद्याकडे नारिंगी आणि खाली पिवळं. कामाची जागा सारखी बदलणाऱ्यांना तेच देतो.

हा रंग दिवसापुरताच, एवढं मुकादमाच्या मनावर बिंबवायला मला वेळ लागला. चमकदार कापड उजेडातले अतिनील किरण घेऊन तेच दिसणाऱ्या रंगात बाहेर टाकतं, म्हणून ढगाळ दुपारी आणि तिन्हीसांजेला ते पेटल्यासारखं दिसतं. रात्री, विशेषतः सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली, त्या कापडात काही उरत नाही. तिथून पुढे सगळा भार पट्टीवर.

पट्टी तपासायची तर मोबाइलचा टॉर्च स्वतःच्या डोळ्याशेजारी धरा. दुसऱ्याच्या हातात देऊ नका. पट्टीवर बारीक काचमण्यांचा थर असतो, त्यामागे ॲल्युमिनियमचा मुलामा; प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला तो परत जातो. म्हणून टॉर्चपासून लांब उभ्या माणसाला पट्टी मंद दिसते आणि टॉर्चवाल्याला लख्ख. यातून साइटवरच्या दोन गोष्टी निघतात, ज्या मला कुणी आधी सांगितल्या नव्हत्या. कारवाल्याचे डोळे हेडलाइटच्या बरेच जवळ असतात, ट्रकवाल्याचे खूप वर. त्यामुळे तेच जॅकेट ट्रकवाल्याला कारवाल्याइतकं झगझगीत दिसत नाही. दुसरी याहून महत्त्वाची: रात्री डंपर मागे येत असेल तर ड्रायव्हर आरशातून बघतो आणि मागचे दिवे अंधुक. त्याच्या डोळ्याजवळून पट्टीकडे प्रकाश जातच नाही, मग पट्टी चमकणार कशी? मागे येणाऱ्या डंपरसाठी सगळ्यात महागडं जॅकेटही पुरत नाही. तिथे हातात पेटती बॅटन (दिव्याची काठी) घेतलेला माणूस ड्रायव्हरला दिसेल अशा बाजूला उभा लागतो. सेफ्टी मिटिंगमध्ये मी आता हे पहिल्यांदा सांगतो.

आणि पट्टी ओली करून बघा. कोरड्या दुकानात सगळ्याच पट्ट्या चमकतात. उघड्या काचमण्यांवर पाण्याचा थर बसला की प्रकाश नीट वळत नाही, चमक उतरते. मानकातही हे दिसतं: पट्टी किती प्रकाश परत पाठवते त्याचं माप, दिव्याजवळूनच बघितलं तर, नव्या कोरड्या पट्टीला किमान ३३० लागतं, पावसाच्या चाचणीत १०० ला पास. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पट्टी कोरडी असते कधी? म्हणून मी बाटलीभर पाणी ओतून मगच टॉर्च मारतो. चौकटी-चौकटींची प्लास्टिकची प्रिझमवाली पट्टी पावसात जास्त टिकून चमकते, पण ती ताठ असते आणि घडीवर तडकते. वाकून सळ्या बांधणाऱ्यांनी ती महिन्यात मोडली, झेंडेवाल्यांकडे व्यवस्थित राहिली.

आता तो सुटलेल्या पट्टीचा वाद. पट्टी दोन तऱ्हांनी लावतात: दोन्ही कडांनी शिवून, किंवा गरम दाबून चिकटवून. माझ्या लॉटमध्ये वरून शिवल्यासारखी दिसणारी पट्टी प्रत्यक्षात चिकटवलेली होती, टाके फक्त टोकांना. पुरवठादार म्हणाला, लेबल वाचा, जास्तीत जास्त २५ धुलाया. वाचलं. आठवड्याला एकदा धुतलं तरी मार्च ते ऑगस्ट त्याच्या हिशोबात बसतं. मग त्याने गरम पाणी काढलं, मग सोडा, मग "दगडावर आपटलं असेल". शेवटी मी एक न वापरलेलं जॅकेट काढलं, बादलीत रात्रभर भिजत ठेवलं आणि सकाळी नखाने पट्टीची कड उचलून त्याला व्हिडिओ पाठवला. त्यावर तो गप्प झाला आणि बदलून देतो म्हणाला. बदलीत तोच लॉट आला, तो परत पाठवला, उरलेल्या बिलातून कापून घेतलं. मी त्याच्याकडून आता काही घेणार नाही. तुम्ही नमुना मागवाल तेव्हा पट्टीच्या दोन्ही कडांवरून नख फिरवा; टाका लागला पाहिजे, संपूर्ण लांबीत.

धुण्याबद्दल मात्र एक गोष्ट खरी आहे. जॅकेटं जेसीबीच्या बॉनेटवर उन्हात वाळत टाकायची सवय रंग खाते. सावलीत वाळवायची, ब्लीच नाही, पट्टीवर ब्रश नाही, इस्त्रीचा तर प्रश्नच नाही. मार्चच्या नारिंगीपैकी काही मे महिन्यातच फिकट वीटकरी झाली होती, आणि फिकटलेलं जॅकेट म्हणजे दिवसा साधी बंडी.

आता वेल्क्रो.

आमच्याकडे काँक्रीटवर क्युरिंगला ओली बारदानं टाकतात. त्या बारदानाचे धागे, सिमेंटची पूड, जांभ्याची लाल माती हे सगळं वेल्क्रोच्या काट्यांमध्ये जाऊन बसतं. पंधरवड्यात काटे भरले की तो चिकटणं सोडतो. जाळीच्या जॅकेटात तर काटे जाळीलाच अडकतात. माणूस ओढतो, जाळी फाटते. मग काय होतं? जॅकेट उघडं राहतं. दोन्ही पल्ले वाऱ्यावर मागे उडतात, समोरच्या उभ्या पट्ट्या काखेत जातात, कमरेचा वेढा समोरून तुटतो. समोरून येणाऱ्याला दिसतो तो मळका शर्ट. मानकाने पट्टीत बंदाच्या जागी ५० मिलिमीटरपर्यंतच फट चालवून घेतली आहे, ती याचसाठी. उघड्या जॅकेटात ती फट फूटभराची होते. म्हणजे दोनशे चाळीस रुपयांचं क्लास २ जॅकेट, वेल्क्रो गेल्यावर, त्या सत्तर रुपयांच्या जॅकेटाहूनही समोरून कमी दिसतं. मी हे स्वतः मोटारसायकलवरून, पावसात, दिवेलागणीला, आमच्याच झेंडेवाल्याकडे येताना पाहिलं. पाठीमागून तो व्यवस्थित चमकत होता. आणि गाड्या त्याच्या समोरून येतात.

मी दोन-तीन तऱ्हा करून पाहिल्या. टूथब्रशने काटे साफ करणं: दोन दिवस टिकतं. नाडी बांधणं: माणसं सोडून ठेवतात, आणि लोंबणारी नाडी सळ्यांमध्ये अडकते. शेवटी लांज्यातल्या शिंप्याकडे जॅकेटं नेली आणि वेल्क्रो उसवून पाच नंबरची प्लास्टिकची चेन लावून घेतली, जॅकेटामागे पस्तीस रुपये. धातूची चेन नको, इथल्या दमट खाऱ्या हवेत रनर जाम होतो. प्लास्टिकच्या चेनीत चिखल जातो, पण बादलीत बुडवून हलवली की निघतो. तेव्हापासून चेन लावलेली जॅकेटं, मोजकी सोडली तर, सगळी बंद राहिली. मुकादमाला ओरडावंही लागलं नाही, कारण चेन अर्धी उघडी ठेवली तरी कमरेपाशी जॅकेट एकत्र राहतं.

हे इथपर्यंत सप्टेंबरात लिहून ठेवलं होतं. आता नोव्हेंबर आहे आणि चेनीबद्दल एक मोठी दुरुस्ती करतो.

दोन माणसं खडी फोडायच्या क्रशरवर पाठवायची होती, तिथल्या फोरमनने चेनवाली जॅकेटं गेटवरच काढायला लावली. त्याचं म्हणणं बरोबर आहे. चालू कन्व्हेयर बेल्टच्या रोलरने किंवा मिक्सरच्या ड्रमने जॅकेटाचं टोक पकडलं तर चेन सुटत नाही, माणसाला आत ओढते. अशा ठिकाणी खांद्यांवर, दोन्ही कुशींना आणि समोर असे पाच जागी वेल्क्रो असलेलं जॅकेट लागतं, जे झटक्यात तुकडे होऊन अंगावरून निघतं. तिथे वेल्क्रो हीच सुरक्षा आहे, आणि जॅकेट ढगळ नसावं, अंगाला बेताचं असावं. म्हणून माझं मत आता असं: रस्त्यावर, झेंड्यावर, चिखलात चेन, फिरत्या मशीनजवळ सुटणारा वेल्क्रो, आणि तो महिन्याला तपासून बदलायचा. एकच जॅकेट सगळ्यांना देणं बंद केलं. सर्व्हिस लेनवर चेन लावायला अजूनही मी तेवढ्याच ठामपणे सांगेन.

पावसाबद्दल एक राहिलं. जॅकेट घातलं आणि वरून निळा प्लास्टिकचा रेनकोट चढवला, हे दृश्य कोकणातल्या कुठल्याही साइटवर जुलैत बघा. जॅकेट आत, रेनकोट बाहेर. पट्टी कुणाला दिसणार? जॅकेट रेनकोटावरून घालायचं असतं, आणि त्यासाठी दोन साइज मोठं घ्यावं लागतं. मार्चमध्ये मापाची घेतलेली जॅकेटं जूनमध्ये रेनकोटावर चढतच नव्हती. झेंडेवाल्यांसाठी एक्सएक्सएलच मागवा, कोरड्या दिवसांत ढगळ दिसली तरी. ते मशीनजवळ जात नाहीत.

बायकांच्या जॅकेटांचा विचार कुणीच करत नाही याचा मला राग आहे. साडी, त्यावर नवऱ्याचा जुना शर्ट, त्यावर जॅकेट, आणि डोक्यावरून घेतलेला पदर किंवा टॉवेल पाठीवर सोडलेला. पाठीवरच्या उभ्या पट्ट्या त्याखाली संपूर्ण झाकतात. पदर घेऊ नका म्हणणं उन्हात शक्य नाही आणि ते सांगणारा मी कोण? आमच्या मुकादमाच्या बायकोने उपाय काढला: पदर आधी शर्टात खोचायचा, डोक्याला वेगळा आखूड रुमाल, आणि जॅकेट सगळ्यात वरून. घमेली उचलणाऱ्या सगळ्या जणींनी तो स्वीकारला. त्यांना छोट्या मापाची जॅकेटं लागतात. मोठं जॅकेट वाकताना पुढे लोंबतं आणि घमेल्यात जातं. एम साइज दुकानात मिळत नाही, मागवून घ्यावी लागते, तरी घ्या.

खिसे? एक पुरे, आतून. बाहेरचा मोबाइलचा खिसा पट्टीवर शिवलेला असेल तर घेऊ नका.

मे महिन्याच्या उकाड्यात भरीव कापड सहन होत नाही, माणसं जॅकेट काढून फावड्यावर टांगतात. म्हणून जाळी वाईट असं मी म्हणत नाही. बारीक विणीची, दोन इंची शिवलेल्या पट्टीची, चेनवाली जाळी मला शेवटी रत्नागिरीत एकशे नव्वदला मिळाली. नवीन ऑर्डर तिचीच दिली आहे: कटिंगमध्ये पिवळी, खाली शेताडीच्या पट्ट्यात नारिंगी, क्रशरवाल्यांना पाच वेल्क्रोंची वेगळी. भरीव जॅकेटं फक्त रात्रपाळीच्या झेंडेवाल्यांकडे राहतील. हिशोब सांगायचा तर सत्तरवालं जॅकेट आमच्याकडे दीड-दोन महिने जगलं. चेन लावलेलं दोनशे पंच्याहत्तरला पडलं, ते आठव्या महिन्यातही अंगावर आहे.

पुढच्या जूनसाठी मी पट्ट्या आधीच शिवलेले रेनकोट बघतोय, म्हणजे वरून जॅकेट चढवायची गरजच राहणार नाही. किंमत जॅकेटाच्या चौपट आहे आणि पट्टीच्या टाक्यांच्या भोकांतून पाणी आत येईल अशी मला शंका आहे. कुणी एक पूर्ण पावसाळा असा रेनकोट वापरला असेल तर त्या शिवणीला आतून टेप लावलेला होता का आणि तो टिकला का, एवढं सांगा.